डिस्टिंक्ट लावूनही दोनदा आलेली ताराबाई

इथले अनुभव मी गेले कित्येक महिने वाचतेय. पिंपळाखालची बाई, रिकाम्या खोलीत हलणारा पाळणा, घाटात हात दाखवणारा माणूस... खरं सांगायचं तर वाचून हसते. रागावू नका, पण माझं घरच तसं. निपाणीतलं, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. देव्हारा नाही, अंगारा नाही, उंबऱ्याला लिंबू-मिरची नाही. वस्तीच्या कडेला एक पिंपळ होता आणि त्याच्यावर 'काहीतरी आहे' असं अख्खी गल्ली म्हणायची. माझे आप्पा मुद्दाम त्याच फांदीवर धोतर वाळत घालायचे. "कोण असलंच तर राखण तरी करंल," म्हणायचे. अशा बापाची मी मुलगी, त्यात नोकरी कॉम्प्युटरची.

तेव्हा आधीच सांगते — माझ्या अनुभवात काळोख नाही, पैंजण नाहीत, रडणारी कुत्री नाहीत. भर दुपार होती, एसी चालू होता आणि खालच्या मजल्यावर मागांची खटखट चालली होती. जे झालं ते एसक्यूएलच्या एका साध्या क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला माहितीसाठी विचारलेल्या प्रश्नात झालं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. बेळगावात, खासबागेत, एका विणकराच्या घराच्या माडीवर शानभाग सरांनी कॉम्प्युटर सेंटर काढलं होतं. दोन टर्मिनल, एक युनिक्सचं मशीन आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जो सुरू झाला की खालच्या मागांनासुद्धा लाज वाटावी. एसी होता, पण तो मशीनसाठी. आम्ही माणसं कुडकुडलो तरी चालायचं. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. मी आयुष्यात चपला काढून नियमाने कुठे आत गेले असेन तर तिथेच.

सरांना निपाणीच्या एका ट्रस्टचं काम मिळालं होतं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांसाठी हा ट्रस्ट दवाखाना चालवायचा आणि मधूनमधून छातीच्या तपासणीची शिबिरं घ्यायचा. तंबाखूची धूळ कशी असते ते मला कुणी सांगायला नको. माझी आई पदरानं नाक बांधून वर्षानुवर्षं तीच चाळत आली आणि त्याच मजुरीवर मी शिकले. त्यामुळे हे काम सरांनी माझ्याकडे दिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, उगाच कशाला नाही म्हणू.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. कॉम्प्युटरमध्ये दोन टेबलं होती. एकात वखारीतल्या बायका — नाव, गाव आणि बिल्ल्याचा नंबर. हा बिल्ला म्हणजे पितळेची चकती, ती दाखवल्याशिवाय वखारीत आत सोडत नसत. दुसऱ्या टेबलात शिबिरं — कोणत्या शिबिराला कोणत्या बिल्ल्याची बाई आली होती. बिल्ल्याच्या नंबरावर ही दोन टेबलं जोडायची, म्हणजे जॉइन करायची, आणि आजवर शिबिराला आलेल्या सगळ्या बायकांची नावं काढायची. आता एखादी बाई चार शिबिरांना आली असेल तर जोडल्यावर तिचं नाव चारदा येणार. आम्हाला ती एकदाच हवी. म्हणून क्वेरीत 'डिस्टिंक्ट' हा शब्द घालायचा. हुबेहूब सारख्या ओळी असतील तर तो एकच ठेवतो. आणि गावाप्रमाणे, मग नावाप्रमाणे क्रम लागावा म्हणून शेवटी 'ऑर्डर बाय'. आईला मी सांगितलं होतं, डिस्टिंक्ट म्हणजे तुझी चाळण. आई म्हणाली, "मग आमच्याइतकी खोकत्यात का गं तुझी मशिनं?"

या वेळी एक्स-रेची गाडी येणार होती, बाहेरगावचे छातीचे डॉक्टर येणार होते. गाडी एकच दिवस थांबणार. त्यामुळे यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक टोकन आणि एक टोकन म्हणजे एक फोटो. टोकन नाही तर फोटो नाही. सरांनी मला तीनतीनदा बजावलं होतं की एकही नाव डबल जाता कामा नये.

क्वेरी चालवली. यादी आली. वरून खाली नजर फिरवत होते, यमगर्णीची नावं आली आणि थांबले.

ताराबाई मारुती पाटील, यमगर्णी.
ताराबाई मारुती पाटील, यमगर्णी.

एकाखाली एक. बिल्ल्याचा नंबरही तोच.

तुमच्यातले जाणकार आत्ता म्हणतील, बाई, एकीच्या नावामागे एखादी मोकळी जागा टाइप झाली असेल. मीही तेच म्हटलं. नावांची लांबी मोजून घेतली, सारखी. मूळ टेबलात बघितलं तर ताराबाई एकच. दोन नाहीतच, डबल येणार कुठून? शिबिरांच्या टेबलात तिच्या बऱ्याच नोंदी होत्या, पण त्यातलं काहीच मी यादीत मागितलं नव्हतं. इंडेक्स, म्हणजे टेबलाची अनुक्रमणिका, पुसून नव्याने बांधला. मशीन बंद करून चालू केलं. फक्त मोजणी मागितली की उत्तर यायचं, ताराबाई एक. नावं छापायला सांगितली की दोन. चार-चार, पाच-पाचदा शिबिराला आलेल्या इतर सगळ्या बायका शहाण्यासारख्या एकदाच येत होत्या. हट्टाला पेटली होती ती ही एकटीच.

शानभाग सर चहाचा ग्लास घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"एनु हे, सुनंदा? अजून झालं नाही?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मला सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा दोन.

"अय्यो, मशीन तापलंय. एक ओळ काढून टाक आणि टोकनं छाप."

"सर, पण ती दोनदा का येतेय ते कळायला नको?"

"कळून काय करणार? ट्रस्टवाल्यांना डबल टोकन दिसलं तर पुढचं काम मिळणार आहे का आपल्याला? छाप, फाड, विषय संपव."

टोकनं छापली. लांबच्या लांब पट्टी निघाली, त्यात दोन्ही ताराबाया एकीखाली एक. आता फाडायचं म्हणजे क्षणाचं काम. पण माझा स्वभाव असा की जे चुकलंय ते का चुकलं हे कळल्याशिवाय मला ते पुसवत नाही. आई याला मुंगळ्याची जात म्हणते, गुळाला चिकटला की मान तुटली तरी सोडत नाही. मी सरांना म्हटलं, तिथे गेल्यावर फाडते. नाहीतरी टोकनं पोचवायला निपाणीला मलाच जायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या शिबिराला टोकनाच्या टेबलावर बसायचं होतं.

शिबिर एका शाळेच्या व्हरांड्यात होतं. सकाळपासून बायकांची रांग. त्या वासाची ज्यांना सवय नाही त्यांना पहिली पाच मिनिटं शिंकाच येतात, तंबाखू लुगड्यात मुरलेली असते. दवाखान्याच्या सिस्टर प्रत्येक टोकनाला त्या बाईची जुनी फाईल लावून ठेवत होत्या. ताराबाईपाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं, फाईल एकच हाय हिची. हे दुसरं कसलं?" मी म्हटलं, चुकून छापलंय, आणि पट्टीतलं खालचं टोकन फाडून पर्समध्ये ठेवलं. वरचं फाईलला लागलं.

ताराबाईचं नाव पुकारलं तेव्हा मी मान वर करून बघितलं. साहजिकच, या बाईनं माझा अख्खा दिवस खाल्ला होता. पुढे आली ती तिशीतली असेल नसेल. वाळून गेलेली, गळ्याची हाडं वर आलेली. काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक, म्हणजे ठसा उमटवलेला लहानसा पत्रा, गळ्यात होता. खोकली की तो टाक उडायचा. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली, पानं उलटली आणि बऱ्यापैकी मायेनं म्हणाल्या, "ताराबाई, तुमचा टीबीचा कोर्स पूर्ण झालाय. हा खोकला जुन्या डागाचा. फोटोची गरज नाही. पुढच्याला येऊ द्या."

बाई नुसती 'बरं' म्हणून बाजूला झाली. जणू हेच ऐकायला आली होती आणि दर वेळी हेच ऐकत होती.

माझं टेबल सोडून मी उठले. ती नळावर ओंजळीनं पाणी पीत होती. मी म्हटलं, "बाई, एक विचारू? आमच्या कॉम्प्युटरात तुमचं नाव दोनदा येतंय. किती बी केलं तरी जात न्हाय. तुमच्या घरात आणखी कोण ताराबाई हाय का?"

तिच्या हातातलं पाणी सांडलं. पण दचकली म्हणावी तर तसंही नाही. नळाच्या कट्ट्यावर खाली बसली आणि टाक मुठीत धरला.

"दोनदा आलं?"

"व्हय."

"मग आली म्हणायची," ती म्हणाली. मला नाही, त्या मुठीला.

मग तिनं सांगितलं. हळू, इकडेतिकडे बघत. ती मारुतीची दुसरी बायको. पहिली ताराबाई वखारीतच काम करायची, छातीच्या दुखण्यातून एकदा उठली, पण पुढे बाळंतपणात गेली. वखारीत रीत अशी की घरातली एक गेली की तिच्या बिल्ल्यावर घरातलीच दुसरी उभी राहते. मुकादम नाव बदलत नाही, बदलायला गेलं तर बिल्लाच दुसऱ्या कुणाला जातो. त्यात सासूनं लग्नातच हिचं नाव ताराबाई ठेवलेलं, म्हणजे वाद नको. गळ्यातला टाक सवतीचा. मेलेल्या पहिलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा आणि हळदकुंकू आधी तिला लावायचं, ही त्यांच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत असेल.

"डागदरनी ज्यो कोर्स म्हणत्यात त्यो थोरलीचा," ती म्हणाली. "मला एक गोळी न्हाय मिळाली आजपत्तूर. सांगावं तर बिल्ला जातोय. घरात दोन पोरं हायत, मालकाला काम न्हाय. न सांगावं तर..." पुढे खोकलाच आला.

एक बाई मरायला टेकली होती आणि कागदावर ती बरी होऊन बसली होती.

"मग आता वो?" मी विचारलं.

"म्या रोज आंगुळ झाली की थोरलीला कुक्कू लावते. परवाच्याला लावता लावता रडूच आलं. म्हटलं, आक्का, तुझ्या नावानं राबते, तुझी पोरगी संबाळते, समदं करते. पर तुझ्या नावानं मरायला नगो लावू गं मला. तूबी ये एकदा शिबिराला. तुझं तू बघ, माझं मला बघू दे."

'परवाच्याला' म्हणजे कधी, हे मी तेव्हाच विचारलं. ज्या दुपारी आमच्याकडे यादी निघाली त्याच दिवशीची सकाळ होती ती.

मी पर्स उघडली आणि ते दुसरं टोकन तिच्या हातात ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते पालथं-उलथं करून बघितलं आणि विचारलं, "ह्ये वरचं का खालचं?"

"काय?"

"दोन आलती न्हवं एकाखाली एक? ह्ये कुठलं?"

"खालचं."

"मग बराबर. वरचं थोरलीचं. ती घरात आधी आली, मी मागनं."

ती पुन्हा रांगेत उभी राहिली, या वेळी पलीकडच्या टेबलाच्या. टोकन होतं, फाईल नव्हती. फाईल नाही म्हणजे नवीन पेशंट, नवीन पेशंट म्हणजे फोटो. कुणी काही विचारलंच नाही. दुपारनंतर फोटो आले आणि बाहेरगावच्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. मीही मागोमाग गेले, मला राहवलं नाही. त्यांच्या एका हातात नवा फोटो होता, दुसऱ्या हातात सिस्टरनी नंबरावरून शोधून दिलेला फाईलमधला जुना.

"बाई, तुमची फासळी कधी मोडली होती?"

तिनं मान वाकवून फोटो बघितला.

"या जुन्या फोटोत मोडून जुळलेली फासळी स्पष्ट दिसतेय. आजच्यात ती मोडलेलीच नाही. हाडं अशी नवी होत नाहीत हो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगा म्हणून. माझ्या नोकरीचं काय होईल तो विचारही आला नाही त्या वेळी.

"ती थोरलीची," ती म्हणाली. "बैलानं ढकललंतं तिला. माझी न्हाय मोडली."

डॉक्टर समजूतदार निघाले. दोन्ही फुप्फुसांवर ताजे डाग होते, आणखी एक पावसाळा काढला नसता म्हणाले. वखारीला आम्ही काही कळवत नाही, दवाखान्याची फाईल ही दवाखान्याची, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि नवी फाईल मागवली. सिस्टरनी पेन उघडून विचारलं, "माहेरचं नाव काय?"

ती थांबली. आठवायला लागल्यासारखी. मग म्हणाली, "हौसा."

त्याच दिवशी तिच्या गोळ्या सुरू झाल्या.

सोमवारी सेंटरला आले, चपला काढल्या, पहिल्यांदा तीच क्वेरी चालवली. एक अक्षर बदललं नव्हतं. डेटा तोच, निपाणीची नवी नोंद अजून आमच्याकडे आलीही नव्हती. ताराबाई एकदाच आली. पुन्हा चालवली. एकदाच. शानभाग सर म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? तापलं होतं." मी त्यांना निपाणीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, चहा प्यायले, आणि त्यानंतर बरेच दिवस मशीन सुरू करण्याआधी नमस्कार करायला लागले. मी काही केला नाही.

आईला सांगितलं तर ती हसली. "येडे, मशीन बिघडलंतं. त्या बाईचं दैव बरं म्हणून त्या दिवशी बिघडलं." आप्पा असते तर तेही हेच म्हणाले असते. पुढे पुण्याच्या एका मित्राने शास्त्रीय कारणही सांगितलं. तेव्हाच्या मशीनमध्ये मेमरी कमी असायची, क्रम लावताना यादीचे तुकडे पडायचे, ते परत जोडताना एखादी ओळ दोनदा राहू शकते. असेल. मी नाही म्हणत नाही. फक्त मला एवढं सांगा की एवढ्या बायकांत नेमकी तिचीच ओळ का राहावी, आणि मशीन बंद करून चालू केल्यावरही तीच का? त्यानंतर सगळी नोकरी मी याच कामात घालवली, मोठमोठ्या मशीनवर. डिस्टिंक्ट पुन्हा कधी चुकला नाही.

हौसाबाई बऱ्या झाल्या. पूर्ण. मध्ये काही वर्षांनी आमच्या निपाणीच्या घरी आल्या होत्या, पाटीभर वालाच्या शेंगा घेऊन. अंगानं भरल्या होत्या, ओळखू येईनात. वखार सोडून दिली होती, स्वतःचं भाजीचं दुकान टाकलं होतं आणि थोरलीच्या मुलीचं लग्नही करून दिलं होतं. गळ्यात टाक तसाच होता. आईनं तिच्या फटकळ स्वभावाप्रमाणे विचारलंच, "आता तरी काढ की गं त्यो. कशाला वागवतीस दुसरीचं वजं?"

हौसाबाईंनी टाकावरून बोट फिरवलं.

"वजं कसलं, मावशी? तिचं नाव म्या एवढी वर्सं वापरलं. तिनं एका दिवसासाठी येऊन माझं मला दिलं. आता ऱ्हाऊ दे की तिला, जागा हाय."

आईनं शेंगांची पाटी पुढ्यात ओढली आणि निवडायला घेतली. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण यादीत एखादं नाव दोनदा आलं की ओळ पुसण्याआधी मी अजूनही विचारून घेते, बाई दोन तर नाहीत ना.